विहिरींत पाणी कोठून येतें?

भूगोल एका तासाला व विज्ञान दुसऱ्या तासाला, अशी आमच्या माध्यमिक वर्गांची व्यवस्था असते. वह्या निराळ्या, प्रश्नपत्रिका निराळ्या, आणि पुष्कळदां शिक्षकहि निराळे. त्यामुळें ‘विशिष्ट उष्णता’ विज्ञानाच्या वहीबाहेर पडत नाहीं आणि ‘पर्जन्यछाया’ भूगोलाच्या वहींत पडून राहते. या दोन्ही व्याख्या अचूक लिहिणाऱ्या विद्यार्थ्यांस आम्ही कधीं कधीं विचारतों, ‘तुमच्या मळ्यांतील विहिरींत पाणी कोठून येतें?’ उत्तर ठरलेलें असतें : ‘झऱ्यांतून.’ ‘आणि झऱ्यांत?’ ‘खालून, पाताळांतून.’ हें उत्तर हसण्यावारी नेण्यासारखें नाहीं. घरचीं वडीलधारीं माणसेंहि तेंच मानतात, आणि त्या समजुतीच्या भरंवशावर कर्ज काढून तीनशें-चारशें फूट बोअर घेतात. बोअर कोरडी जाते; कर्ज मात्र राहतें.

या लेखांत मागील दोन-तीन इयत्तांतील भूगोल व पदार्थविज्ञान यांची उजळणी करावी, असा आमचा हेतु आहे. परंतु ती प्रकरणांच्या क्रमानें नव्हे. आपण समुद्रावरून निघूं, सह्याद्रि चढूं, पलीकडे उतरूं आणि माणदेशांतल्या एखाद्या विहिरीच्या तळाशीं जाऊन थांबूं. वाटेंत जी व्याख्या भेटेल तिची विचारपूस तेथल्या तेथें करूं.

पाण्याच्या प्रवासाचा आरंभ उन्हांत होतो. उन्हाळा कां होतो, या प्रश्नाला ‘पृथ्वी सूर्याच्या जवळ येते म्हणून’ हें उत्तर अद्यापि उत्तरपत्रिकांत सांपडतें. वस्तुतः पृथ्वी सूर्याला सर्वांत जवळ असते ती जानेवारीच्या आरंभीं, म्हणजे आपल्या ऐन थंडींत. त्या वेळीं अंतर सुमारें १४ कोटि ७० लक्ष किलोमीटर असतें. जुलैच्या आरंभीं तें सुमारें १५ कोटि २० लक्ष होतें. तेव्हां फरक अंतराचा नव्हे, किरणांच्या कलाचा आहे. पृथ्वीचा आंस सुमारें साडेतेवीस अंशांनीं कललेला असल्यामुळें मे महिन्याच्या मध्यास सूर्य मुंबई-पुण्याच्या अगदीं माथ्यावर येतो; त्या दिवशीं दुपारीं मैदानांत उभ्या रोवलेल्या काठीची सावली तिच्या बुंध्याशींच नाहींशी होते. सरळ पडलेलें ऊन थोड्या जागेंत एकवटतें, तिरपें पडलेलें पसरतें. विजेरीचा झोत भिंतीवर एकदां सरळ व एकदां तिरपा टाकून पाहिला म्हणजे अधिक बोलावें लागत नाहीं.

परंतु ऊन सारखें पडलें तरी सर्व वस्तु सारख्या तापत नाहींत. दोन थाळ्या घ्याव्या. एकींत कोरडी वाळू, दुसरींत तितक्याच वजनाचें पाणी. दोन्ही तासभर उन्हांत ठेवून मग तापमापक लावावा. एक ग्रॅम पाणी एक अंश सेंटिग्रेड तापविण्यास एक कॅलरी उष्णता लागते. तितक्याच वाळूचें किंवा खडकाचें काम तिच्या सुमारें पंचमांशांत भागतें. यालाच आपण विशिष्ट उष्णता म्हणतों. शिवाय समुद्रांत ऊन खोलवर शिरतें व लाटा पाणी खालींवर करितात. जमिनीचा मात्र वरचा पातळ थरच सर्व ताप सोसतो. म्हणून मे महिन्यांत नागपुरास पारा ४५ अंशांपर्यंत चढतो व रत्नागिरीस तो ३३-३४ अंशांच्या आसपास घोटाळतो. रत्नागिरीकर घामानें हैराण होतात ही गोष्ट निराळी. तिचें कारण पुढें येईल.

तापलेल्या जमिनीवरची हवा फुगते, विरळ होते व वर चढते. तेथें दाब कमी पडतो आणि समुद्रावरची जड हवा त्या जागीं धांवून येते. किनाऱ्यावर रोज दुपारीं सुटणारा खारा वारा तो हाच. मोसमी वारे म्हणजे हाच खेळ मोठ्या प्रमाणावर, असें इंग्रज ज्योतिर्विद एडमंड हॅली यानें १६८६ सालीं मांडलें, व शाळांतून बहुधा तेवढेंच शिकविलें जातें. तें खोटें नाहीं, पण अपुरें आहे. जमीन अधिकांत अधिक तापते ती मे महिन्यांत. पाऊस भरास येतो तो जुलैत, जेव्हां जमीन भिजून थंड झालेली असते. चाणाक्ष विद्यार्थ्यानें येथें हात वर करावा. आज शास्त्रज्ञ असें मानतात कीं विषुववृत्ताजवळचा कमी दाबाचा पट्टा उन्हाळ्यांत सूर्यामागोमाग उत्तरेस सरकून आपल्या देशावर येतो. दक्षिण गोलार्धांतील वारे त्याच्याकडे निघतात, विषुववृत्त ओलांडल्यावर पृथ्वीच्या भ्रमणामुळें उजवीकडे वळतात, आणि नैर्ऋत्येकडून आपल्या किनाऱ्यास लागतात. आणि पाऊस एकदां सुरू झाला म्हणजे तो पाऊसच या यंत्रास उष्णता पुरवूं लागतो. ती कशी, हें समजण्यासाठीं स्वयंपाकघरांतील माठाकडे वळलें पाहिजे.

माठांतलें पाणी गार कां? ‘माती थंड असते म्हणून’ हें उत्तर चालणार नाहीं. माठाच्या अंगांतील सूक्ष्म छिद्रांवाटे पाणी बाहेर पाझरतें व त्याची वाफ होते. वाफ होण्यास लागणारी उष्णता माठ व त्यांतील पाणी यांजकडूनच घेतली जाते. ही उष्णता थोडीथोडकी नसते. तीस अंशांचें एक ग्रॅम पाणी उकळीस आणण्याला सत्तर कॅलरी पुरतात. पण तीस अंशांवरच त्याची वाफ व्हावयाची तर सुमारें ५८० लागतात. तापमापकाला ती दिसत नाहीं म्हणून तिचें नांव सुप्त उष्णता. नवा माठ झिरपतो व पाणी चांगलें गार करितो, छिद्रें बुजलेला जुना माठ तसें करीत नाहीं, हें घरांतील बायामाणसांस पुस्तकावांचून ठाऊक असतें. दमट दिवशीं मात्र नव्या माठाचाहि इलाज चालत नाहीं. हवेंत आधींच वाफ भरपूर असल्यानें नवी वाफ संथपणें होते. रत्नागिरीकरांचा घाम वाळत नाहीं तो याच कारणानें.

अरबी समुद्रावरून येणारा वारा ही वाफ, आणि वाफेबरोबर ती दडलेली उष्णता, घेऊन येतो. येथें आणखी एक समजूत दुरुस्त करून घ्यावी. पावसाळी हवा जड असते, असें आपण सहज म्हणतों. पण पाण्याच्या रेणूचा भार १८, आणि कोरड्या हवेच्या रेणूंचा सरासरी भार सुमारें २९. दाब व तापमान सारखें असतां सारख्या जागेंत सारखेच रेणु मावतात, हा ॲव्होगॅड्रोचा नियम. मग जड रेणूंच्या जागीं हलके येऊन बसले तर हवा हलकीच व्हावयाची. जड होतो तो आपला जीव, हवा नव्हे.

कोंकणपट्टी ओलांडतांच या वाऱ्यापुढें सह्याद्रीची भिंत उभी राहते. पश्चिमेकडे तुटलेले कडे आणि पूर्वेकडे हळू उतरत गेलेलें पठार, अशी तिची ठेवण आहे. वाऱ्याला वर चढल्याशिवाय गत्यंतर नसतें. आणि वर जावें तसतसा हवेचा दाब कमी होत जातो. महाबळेश्वर समुद्रसपाटीपासून सुमारें १३७० मीटर उंच आहे. तेथें हवेचा दाब किनाऱ्यापेक्षां सुमारें सातव्या हिश्श्यानें कमी असतो, पाणी ९५-९६ अंशांवरच उकळतें, व उघड्या पातेल्यांतली डाळ शिजण्यास अधिक वेळ घेते. दाब उतरला म्हणजे हवा फुगते. फुगतांना तिला भोंवतालची हवा बाजूस सारावी लागते. त्या श्रमाचा खर्च ती स्वतःच्या उष्णतेंतून भागविते व थंड होते. सायकलच्या चाकांत हवा भरतांना पंपाचें तोंड तापतें, आणि चाकांतील हवा सोडली तर ती बोटाला गार लागते. डोंगर चढणाऱ्या हवेचेंहि असेंच होतें. ढग नसेल तर अशी हवा दर किलोमीटरामागें सुमारें दहा अंश थंड होते.

आतां हिशेब करावा. किनाऱ्यावर हवा २८ अंशांची आहे व ती २४ अंशांपर्यंत थंड झाली म्हणजे तिच्यांतील वाफेचें दंव होऊं लागतें, असें धरूं. तर सुमारें पांचशें मीटर चढल्यावर ढग दिसला पाहिजे. पोलादपुराहून महाबळेश्वरास जाणाऱ्या आंबेनळीच्या घाटांत आषाढांत मोटार अर्ध्या चढणीवरच धुक्यांत शिरते, तें यामुळें. जातां जातां सांगावयाचें तें हें कीं, ढग म्हणजे वाफ नव्हे. वाफ डोळ्यांस दिसत नाहीं. किटलीच्या तोंडाशीं जो बोटभर रिकामा भाग दिसतो ती वाफ. त्यापुढें जो पांढरा लोट दिसतो ते पाण्याचे बारीक थेंब. ढग हा त्या लोटाच्या जातीचा.

वाफेचें पाणी होतांना समुद्रावर घेतलेली सुप्त उष्णता परत मिळते. त्या उष्णतेनें ढगांतील हवा भोंवतालच्या हवेपेक्षां ऊबदार राहते, आणखी चढते, आणि खालून आणखी वारा ओढून घेते. जुलैत जमीन थंड असूनहि मोसमी वारा कां थांबत नाहीं, या प्रश्नाचें निम्मेंअधिक उत्तर येथें आहे.

महाबळेश्वरास वर्षाकांठीं साडेपांच हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो. तेथून वीसएक किलोमीटरांवर, जवळजवळ तितक्याच उंचीवर असलेल्या पांचगणीस तो तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास येतो. पुण्यास सातशेंच्या जवळपास, आणि माणदेशांत, दहिवडी-म्हसवडकडे, पांचशेंच्या आगेमागें. घाटमाथ्यावर वाऱ्यानें बरेंचसें पाणी टाकलेलें असतें, आणि पूर्वेकडे उतरतांना तीच हवा दबून पुन्हां तापते. तिच्यांतले थेंब पुन्हां वाफ होतात. माणदेशी शेतकऱ्याच्या डोक्यावरून ढग जातात, सावली देतात, पाणी देत नाहींत. पर्जन्यछाया हा शब्द ज्यानें केला त्यानें आभाळाकडे पाहून केला असावा.

आतां जमिनीकडे येऊं. महाराष्ट्राचा चार-पंचमांश भाग एकाच खडकाचा आहे : काळा पाषाण, ज्याला शास्त्रांत बेसाल्ट म्हणतात. सुमारें ६ कोटि ६० लक्ष वर्षांपूर्वीं भूकवचाच्या भेगांतून लाव्हा पुनः पुन्हां वाहिला व थरावर थर निवत गेले. आपल्या डोंगरांस दुरून पायऱ्या दिसतात त्या या थरांच्या. स्वीडिश भाषेंतील पायरीच्या शब्दावरूनच या खडकाला ‘ट्रॅप’ नांव पडलें. प्रत्येक थराचा मधला भाग घट्ट असतो. वरच्या भागांत निवतांना वायूचे बुडबुडे अडकलेले असतात व पुष्कळ ठिकाणीं ते पांढऱ्या खनिजांनीं भरलेले आढळतात.

खडकांत पाणी साठतें म्हणजे काय, हें येथें नीट समजून घ्यावें, कारण सर्व घोटाळा येथेंच होतो. छिद्रें असणें ही एक गोष्ट, आणि तीं एकमेकांस जोडलेलीं असणें ही दुसरी. तीन जुन्या डब्यांच्या तळांस भोंकें पाडून त्यांत वाळू, मुरूम व काळी माती भरावी व प्रत्येकांत तांब्याभर पाणी ओतावें. वाळूंतून तें लगेच खालीं येतें, मुरमांतून सावकाश, काळी माती पाणी पिऊन फुगून बसते व फारच थोडें सोडते. मातींत छिद्रें कमी नाहींत, उलट वाळूपेक्षां अधिक आहेत. पण तीं इतकीं बारीक कीं पाण्यास वाट देत नाहींत. अखंड काळ्या पाषाणांत तर छिद्रें नांवालाच. त्यांत पाणी राहूं शकतें तें केवळ भेगांत व चिरांत.

या भेगा रुंद होतात त्या वरच्या बाजूस. उन्हानें खडक प्रसरण पावतो, रात्रीं आकुंचित होतो. पावसाच्या पाण्यांत हवेंतला व मातींतला कार्बन डायऑक्साइड विरघळून तें किंचित् आंबट होतें व खडकांतील खनिजांस पोखरतें. झाडांचीं मुळें उरलेलें काम करितात. या झिजण्यांतूनच मुरूम व शेवटीं माती झाली. न बांधलेल्या विहिरीच्या काठावरून आंत पाहिलें तर हा सर्व इतिहास उभा दिसतो : वर काळी माती, खालीं पिंवळट मुरूम, त्याखालीं भेगाळलेला खडक, आणि तळाशीं निळसर काळा, टणक, अखंड पाषाण. पाणी कोठून पाझरतें तें पाहावें. बहुधा मुरूम व खडक यांच्या सांध्यावर, आणि खडकांतील भेगांतून. हेच आपले झरे. पाताळाशीं त्यांचा संबंध नाहीं. आजूबाजूच्या शिवारावर पडलेला पाऊसच मुरमांतून वाट काढीत तेथें आलेला असतो.

पाणाडी हातावर नारळ उभा करून जागा दाखवितो व पुष्कळदां पाणी लागतें, मग तें कसें, असें विद्यार्थी विचारतात. ओढ्याकांठच्या खोल मुरमांत पावसाळ्यानंतर बहुतेक कोठेंहि खणलें तरी थोडें पाणी लागतेंच. जेथें लागलें नाहीं त्या जागा कोणी मोजून ठेवीत नाहीं, इतकेंच.

आतां जमाखर्च मांडूं. एक हेक्टर म्हणजे दहा हजार चौरस मीटर. माणदेशांत त्यावर पांचशें मिलिमीटर, म्हणजे अर्धा मीटर, पाऊस पडला तर पाणी झालें पांच हजार घनमीटर. यांतील पुष्कळसें वाफ होऊन जातें, कांहीं पिकें पितात, कांहीं ओढ्याला मिळतें. अशा खडकाळ मुलुखांत सुमारें दहावा हिस्सा खालीं मुरतो असें धरल्यास पांचशें घनमीटर जमा. शंभर घनमीटर मुरमांतून व भेगाळ खडकांतून सुमारें दोन घनमीटर पाणी उपसतां येतें, म्हणून एवढ्या जमेनें भूजलाची पातळी सुमारें अडीच मीटर वर चढते. खर्चाची बाजू अशी : पाटानें पाणी दिलेल्या एक हेक्टर उंसाला लावणीपासून तोडणीपर्यंत सुमारें वीस हजार घनमीटर पाणी लागतें. पडलेला सर्व पाऊस उंसानेंच प्याला असें उदारपणें मानलें तरी पंधरा हजार घनमीटर विहिरींतून काढलें पाहिजे. पंधरा हजारांस पांचशेंनीं भागावें. एक हेक्टर उंसासाठीं तीस हेक्टर शिवाराची वर्षाची जमा खर्चीं पडते. हा भागाकार चौथीच्या मुलास येतो. पण तो मांडला जात नाहीं.

पातळी उतरली म्हणजे बोअर घेतली जाते. जसजसें खोल जावें तसतशा काळ्या पाषाणांतील भेगा विरळ होतात, म्हणून पुष्कळ बोअर कोरड्या जातात. ज्यांना पाणी लागतें त्यांतलेंहि वरूनच, कित्येकदां बऱ्याच वर्षांत, झिरपून गेलेलें असतें. आणि कधीं कधीं एक खोल बोअर शेजारच्या उथळ विहिरीचें पाणी आपल्याकडे ओढून घेते. महाराष्ट्राच्या २००९ च्या भूजल कायद्यांत साठ मीटरांवरील खोल विहिरींवर निर्बंध घातले गेले, ते या कारणानें.

खोल पाणी वर कसें येतें, याविषयींहि एक चूक फार रूढ आहे. पंप पाणी ‘ओढतो’ असें आपण म्हणतों. वस्तुतः पंप केवळ नळींतली हवा काढतो. पाणी वर ढकलतो तो बाहेरच्या हवेचा दाब. तो दाब समुद्रसपाटीवर पाण्याचा सुमारें १०.३ मीटर, म्हणजे ३४ फूट उंचीचा स्तंभ तोलून धरूं शकतो. सतराव्या शतकांत टॉरिचेली या इटालियन शास्त्रज्ञानें पाऱ्याच्या नळीवरून हें दाखविलें. देशावर हवा विरळ म्हणून तेवढाहि नाहीं, आणि व्यवहारांत सहा-सात मीटरांपलीकडे भरंवसा धरतां येत नाहीं. म्हणूनच पाणी खालीं गेलें कीं शेतकरी आपलें इंजिन विहिरींत उतरवून मधल्या कट्ट्यावर बसवीत असे. खोल बोअरमध्यें यंत्र पाण्यांतच सोडून पाणी खालून वर ढकलावें लागतें. गांवोगांवच्या हातपंपाचेंहि तेंच तत्त्व : दांडा वर दिसतो, पण पाणी उचलणारा दट्ट्या खोल पाण्यांत असतो. देशभर पसरलेला ‘इंडिया मार्क दोन’ हा हातपंप जालना व सोलापूर येथें घडलेल्या नमुन्यांवरून १९७० नंतरच्या दशकांत तयार झाला, ही गोष्ट आमच्या विद्यार्थ्यांनीं लक्षांत ठेवण्यासारखी आहे.

ज्यांच्या घरीं विहीर आहे त्यांनीं यंदांपासून एक वही घालावी. दर महिन्याच्या पहिल्या तारखेस, रात्रभर पंप बंद ठेवून, सकाळीं दोरीला दगड बांधून विहिरींत सोडावा व काठापासून पाण्यापर्यंतचें अंतर मोजावें. काठावरचा दगड नेहमीं तोच असावा. दिवाळीच्या सुमारास आलेलें माप व मे महिन्यांतील माप यांची वजाबाकी करून तिला दोन शतांशांनीं गुणावें. पांच मीटर उतार पडला असेल तर उत्तर येईल दहा सेंटिमीटर, म्हणजे दर चौरस मीटर शिवारामागें शंभर लिटर पाणी त्या काळांत गेलें. वर मांडलेल्या जमेंत पावसानें घातलें होतें पन्नास. पुढच्या दिवाळीस पाणी मागच्या खुणेपर्यंत चढलें कीं नाहीं, हें त्याच वहींत त्याच दोरीनें मोजून लिहावें.